उन्हाला भिणाऱ्या मॅडम

पानाला हात लावायचा तो तळव्याने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. आमच्या मॅडम रोज दुपारी मुगाच्या कुंड्यांपुढे वाकून असा हात लावायच्या आणि पुटपुटायच्या, "हिरवं दिसतंय, तेवढ्यावर जाऊ नका."

मंडळी, मी परभणीतल्या एका प्रयोगशाळेत सहायक आहे. पण ही झाली पगाराची ओळख. माझी खरी ओळख म्हणजे आमच्या गॅदरिंगच्या नाटकांतलं भूत, दरोडेखोर आणि एकदा तर खाष्ट सासूसुद्धा. लोकांना घाबरवणं हा माझा शौक. मॅडम मला 'नटवर्य' म्हणायच्या. अशा या नटवर्याला आयुष्यात खरं घाबरवलं ते जिन्याच्या अर्ध्यात थांबून दम खाणाऱ्या, चहाची बशी दोन्ही हातांनी धरणाऱ्या या ठेंगण्या बाईंनी.

मी एकदा सहज विचारलं होतं, "मॅडम, उन्हाला एवढं काय भ्यायचं? आपण परभणीचे!"

त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "पानात रुबिस्को नावाचं एन्झाइम असतं. हवेतला कार्बन पकडायचा, त्याची साखर व्हायला लावायची, हे त्याचं काम. पण ते वेंधळं. मधेच भलतीच साखर तोंडात धरतं आणि त्याचं तोंडच मिटतं. मग दुसरं एन्झाइम येतं, अ‍ॅक्टिव्हेज. ते रुबिस्कोचं तोंड उघडतं, अडकलेलं काढतं, पुढच्याकडे जातं. दिवसभर हेच."

"मग झालं की."

"झालं कसं? ऊन वाढलं की पहिल्यांदा कोलमडतं ते हे अ‍ॅक्टिव्हेज. पान हिरवंच असतं. बाहेरून काही कळत नाही. आत मात्र एकेक तोंड मिटत जातं, आणि उघडायला कोणी येत नाही."

भुताच्या गोष्टी रंगवून सांगणारा मी, त्या दिवशी घरी जाताना रस्त्याकडेच्या हिरव्यागार झाडांकडे बघून भराभर चालू लागलो.

मॅडम मूळच्या परभणीजवळच्या झरी गावच्या. लहानपणी त्यांच्या घरचा उन्हाळी मूग एका वर्षी असा आला होता की येणारेजाणारे बांधावर थांबून बघायचे. फुलं लागली आणि गळली. शेंग धरलीच नाही. वडील रोज म्हणायचे, "हिरवं हाय की, येईल." आणि ही पोरगी रोज त्यांच्या मागे मागे बघायला जायची. मला वाटतं, त्यांचं सगळं शास्त्र त्या बांधावरच सुरू झालं. उन्हात ज्याचं अ‍ॅक्टिव्हेज मोडत नाही, असा मूग त्यांना हवा होता.

त्यांची पद्धत कडक. झाडांना पाणी वेळेवर, पण सावली अजिबात नाही. माणसाचीसुद्धा नाही! दुपारनंतर कुंड्यांच्या पश्चिमेला कोणी उभं राहायचं नाही, कारण सावली झाडावर पडते. एकदा वरून मोठे साहेब पाहणीला आले आणि नेमके तिथेच उभे राहून भाषण करू लागले. मॅडमनी त्यांचं कोपर धरून त्यांना अक्षरशः ओढलं.

"साहेब, सरका. तुमच्यामुळे माझी झाडं लाडावतील."

साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत.

कुंड्यांना पाणी घालायला पिंगळी गावच्या एक मावशी होत्या. त्यांना हे बघवायचं नाही. "म्याडम, लय तापायलंय. पदर तरी धरते की झाडावर. जीव हाय त्यांना बी."

"जीव आहे म्हणूनच नको, मावशी."

मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, ह्या बाईला लेकरं हायत का न्हाईत?"

"दोन आहेत."

"मग त्यांना बी उनातच वाढवलं की काय!"

मॅडमच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा उन्हाळा. रोज पानं तोडून आणायची, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची आणि खलात कुटायची. धूर उसळला की मी राक्षसासारखा खदाखदा हसायचो. मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "आधी पान, मग नाटक." पानात अ‍ॅक्टिव्हेज किती शाबूत आहे ते आम्ही तपासत होतो. एकेका वाणाची एकेक कुंडी हरत गेली. पानं हिरवी, आत सगळं थंडावलेलं, आणि खाली मातीवर फुलांचा सडा. फक्त कोपऱ्यातली एक कुंडी टिकली होती. तिचं अ‍ॅक्टिव्हेज जागेवर होतं, फुलंही अजून देठाला होती.

"आता एवढा आठवडा," मॅडम म्हणाल्या. "शेंग धरली तर हे बी पुढच्या माणसाला देऊन जाईन. नाही तर हात हलवत जायचं."

आणि त्याच आठवड्यात ऊन असं पेटलं की दुपारी कावळासुद्धा ओरडेना. वीज गेलेली. अख्खी इमारत तोंड मिटून बसल्यासारखी. मॅडम कुठे दिसेनात म्हणून मी मागच्या दाराने बाहेर आलो आणि जागीच थिजलो.

त्या कोपऱ्यातल्या कुंडीपाशी उभ्या होत्या. डोक्यावर काही नाही. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. मला वाटलं, ऊन लागलं, आता पडतात. मी धावलो.

"मॅडम, आत चला!"

"थांबा." भ्याल्या की त्यांच्या तोंडात झरीची बोली यायची. "गळायलंय हो. एक फूल गळालं आत्ता."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या कुंडीच्या पश्चिमेला उभ्या होत्या. त्यांची बुटकी सावली नेमकी झाडावर पडली होती आणि ती हलू नये म्हणून त्या श्वासही जपून घेत होत्या. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे.

मी त्यांना जवळजवळ उचलूनच आत आणलं. अंग तव्यासारखं. मावशींनी ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. दात चमच्यावर वाजत होते. त्या वेळी मला कुठलीही नक्कल सुचली नाही. मी नुसता त्यांच्या पापण्यांकडे बघत होतो.

बोलता येऊ लागल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या, "ती कुंडी बाद करा."

"मॅडम! एकाच दुपारची सावली. कुणाला कळणार आहे?"

"शेतात कळेल. तिथं एकेका झाडामागं कोण उभं राहणार?" मग डोळे मिटून म्हणाल्या, "भ्याले हो मी. बांधावर भ्यायचे तशी."

कुंडी प्रयोगातून गेली. मी ती व्हरांड्याच्या पायरीपाशी ठेवली. आणि बघा गंमत, तिला शेंगा धरल्या! झाडाच्या अंगच्या बळावर की मॅडमच्या सावलीमुळे, हे सांगायची आता काही सोय नव्हती. मॅडमनी त्या शेंगांना हात लावला नाही. निरोपाची शाल घेतली, नारळ घेतला आणि झरीला राहायला गेल्या. बी मी पुडीत बांधून ठेवलं.

यंदा नव्या सरांनी मला एक कोपरा दिला. मी ते बी पेरलं, आणि दुपारी तिकडे कोणी फिरकायचं नाही असा सगळ्यांना दम भरला. मॅडमना फोनवर सांगितलं, तर आधी त्यांनी पाणी, सावली सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "शेंग धरली तरच फोन करा. नाही धरली तर करू नका. मी समजून घेईन."

मंडळी, तेव्हापासून मला उन्हाची भीती वाटते. फुलं लागल्यावरचा हा आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. घरात पंख्याखाली बसून मला घाम फुटायचा. आज सकाळी मावशींनीच आधी पाहिलं. "दादा, धरली की!" सुईएवढ्या, लव असलेल्या शेंगा. सगळ्या झाडांना नाही, पण पुष्कळांना. भर उन्हात, कुणाच्याही सावलीविना.

मी उड्या मारतच फोन लावला. रिंग वाजत राहिली. नुसता फोन वाजला म्हणजेच शेंग धरली, हे त्यांना कळणारच, मग उचलायची गरज काय, असं मी स्वतःला सांगितलं. रिंग संपली.

"उचलनात का?" मावशींनी विचारलं.

"नाही."

मावशी पदराने मान पुसत झरीच्या दिशेला बघू लागल्या. "तिकडं बी लय तापायलंय म्हणतेत, दादा."

मी परत फोन लावला.