बावलीचं पाणी

आईने पाणी पिणं सोडलं होतं. ग्लास ओठाला लावला की तोंड घट्ट मिटायची, आणि जबरदस्ती केली की सगळी चूळ माझ्या अंगावर. "हे नाही. माही बावली कुठी हाय?" दिवसभर एवढंच. आमच्याकडे बाहुलीला बावलीच म्हणतात, म्हणून मी सक्करदऱ्याहून कापडी बाहुली आणली. तिने ती खाटेखाली फेकली. डोळे मिटणारी आणली, तीही फेकली. मला रडू यायचं, रागही यायचा, आणि विसरभोळ्या म्हातारीवर राग काढणार तरी कसा?

डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी. ती नळी तिला लागू नये म्हणून मी कुठेही जायला तयार होते. शेजारणीने मौद्याचा वैद्य सांगितला, तर मी आईला गाडीत घालून तिकडेही गेले. त्याने पुडी दिली, पाण्यातून घ्यायची. मी त्याच्या तोंडावर हसले.

परतताना पुलाच्या कामामुळे हायवे बंद होता. नवऱ्याने चरफडत गाडी खेड्याच्या रस्त्याला घातली. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून कडुनिंबाखाली बाजूला घेतली, तोच शेळ्या चारणारी बाई ओरडली, "बावलीपाशी गाडी नोका लावू जी, कठडा खचला हाय!"

मी दार उघडून धावलेच.

वरून काहीच दिसत नव्हतं, नुसतं गवत. कठड्यापाशी गेले आणि पायाखालची जमीनच उघडली. रुंद दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या, कमानीखाली कमान, दोन्ही अंगांना खांबांच्या ओसऱ्या, भिंतीत दिव्यांचे कोनाडे. तळाशी हिरवं पाणी. एवढं देखणं काम कोणी जमिनीच्या पोटात का लपवावं! एरवी मी फोटो काढत बसले असते. आईचं माहेर याच बाजूचं होतं, पण मामा गेल्यापासून कोणी इकडे फिरकलं नव्हतं. ती बाहुली मागतच नव्हती. ही पायऱ्यांची विहीर मागत होती, आणि मी तिच्यापुढे खेळणी नाचवत होते.

"काहून वं? उशीर होऊन रायला," नवरा म्हणाला. मी आईला गाडीतून उतरवून वरच्या पायरीवर बसवलं. घरच्या फिल्टरची बाटली घेतली, तिच्या डोळ्यांदेखत पायऱ्या उतरले, पाण्यापाशी वाकले आणि बाटली न बुडवता तशीच वर आले.

"माय, बावलीचं हाय."

ती प्यायली. गटागटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मग बाटली माझ्यापुढे धरली. "पी वं पोरी. कोनाची हाय तू?"

मी बाटली घेतली आणि उरलेलं पाणी प्यायले.

हुडकेश्वरला आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. तेव्हापासून मी तिला जिन्यासमोर बसवते, बाटली भरते, खाली जाते आणि वर येते. "बावलीवरून आली का वं?" ती विचारते. हो म्हटलं की पिते. नळी टळली, डॉक्टरांना कारण कळलं नाही.

कालपासून तिने विचारणं बंद केलंय. तोंडही उघडत नाही. आज सकाळपासून मी जिना उतरते आहे आणि चढते आहे.