सिस्टरच्या समासातली नावं

साळवे सिस्टर बायबल वाचायला बसल्या की आधी पेन्सिलीला टोक करायच्या. पेन्सिल एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी. पूर्वी दवाखान्यात तापाचा तक्ता भरायला असायची तशी. जुन्या ब्लेडने दोन्ही टोकं मनासारखी झाली की पेन्सिल कानावर जायची, चष्मा पदराला पुसला जायचा आणि मग मांडीवरचं ते जाडजूड पुस्तक उघडायचं. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत सकाळी दूध आणायला निघालं की समोरच्या ओट्यावर त्या अशा बसलेल्या दिसत.

पहिल्यांदा त्या पुस्तकात डोकावलो तेव्हा मी चक्रावलो. ओळींच्या बाजूला कोऱ्या समासात बारीक अक्षरात नावंच नावं, प्रत्येकाखाली तारीख. ज्ञानेश्वर, शकुंतला, बबन, प्रमिला. बहुतेक लाल, काही निळी.

"सिस्टर, बायबलात हा ज्ञानेश्वर कोण?"

"आंजीचा आहे. आता त्याले दोन पोरं आहेत," त्या म्हणाल्या. "जे माह्या हातावर जन्मले त्याईचं एकेक नाव एकेका वचनापाशी ठेवलं. लाल म्हणजे राह्यलं. निळं म्हणजे गेलं."

आंजी मोठी हे माझं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टरांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर त्या वर्ध्याजवळ सिंदी मेघेत राहायला आल्या आणि काही वर्षांनी मीही, कॉलेजात संगणक शिकवायची नोकरी लागल्यावर, त्यांच्यासमोरच घर घेतलं. माझाही जन्म त्यांच्याच हातचा. गल्लीत कोणी नवं भेटलं की त्या माझी ओळख करून द्यायच्या, "हा गजू. याले दुनियेत पयल्यांदा मी पाह्यलं, याच्या मायनं मंग."

लग्न त्यांनी केलं नाही. "आधी श्वास पाह्य, बाकीचं मंग," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. माझी गाडी सुरू होईना, तेव्हाही हेच. माझ्या बायकोचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हाही आमच्या दारात उभं राहून हेच.

मग त्यांची नजर जायला लागली. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. नागपूरच्या पुतण्याने मोठ्या पडद्याचा टॅबलेट आणून दिला, सोबत त्यावर लिहायचं पेन. सिस्टर तो टॅबलेट टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या.

"गजू, याच्यात बायबल टाकून दे. पण नुसतं वाचाचं नाई, मले त्याच्यावर लिहाचं आहे. नजर आहे तोवर सारी नावं याच्यात घ्याची आहेत. अ‍ॅप नीट पाहून घेजो. औषध घेतो तसं, तारीख पाहून."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. तीन आठवडे लागले.

पहिल्या अ‍ॅपमध्ये जगातल्या पन्नास भाषा होत्या, मराठी नव्हती. दुसऱ्यात मराठी होती, पण नव्या सोप्या भाषांतराची. सिस्टरांनी मला दोन ओळी वाचायला लावल्या आणि हात वर केला. "हे कोन बोलून राह्यलं? माह्या देवाचा आवाज असा नाई." तिसऱ्यात त्यांचं जुनं भाषांतर मिळालं, ओळी रंगवायची सोय होती, पण शेजारी काही लिहायचं तर कळफलकावर टाईप करायचं. मी एक नाव टाईप करून मोठं करून दाखवलं. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ते तिरक्या नजरेने पाहिलं. "हे तं छापील झालं. रेशन कार्डावर असते तसं. माह्या हातचं कुठं आहे?" चौथं मला स्वतःला फार आवडलं होतं. पेनाने लिहिता यायचं, रंग होते, अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं. सिस्टरांनी विचारलं, "इंटरनेट बंद कर. आता?" बंद केल्यावर ते अ‍ॅप गोल गोल फिरत राहिलं. "पाह्य," त्या म्हणाल्या, "याचा श्वास दुसऱ्याच्या नाकात आहे."

शेवटी मी सुचवलं की सिस्टर, तुमच्या पुस्तकाच्याच पानांचे फोटो काढून यात टाकतो. नावं जशीच्या तशी येतील. एका रविवारात काम होईल.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "फोटो काढशीन तं तू काढशीन. मले एकडाव पुन्हा लिहाचं आहे रे. लिवलं का ते लेकरू पुन्हा हातात येते."

मग मी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या चर्चच्या पाळकांकडे जुन्या भाषांतराची फाईल होती, ती मागून आणली. ओळी जाड, मोठ्या अक्षरात लावल्या आणि प्रत्येक पानाचा उजवा अर्धा भाग कोरा सोडला. ती फाईल साध्या वहीसारख्या एका अ‍ॅपमध्ये उघडली. त्यात पेन चालायचं, लाल आणि निळा रंग होता, इंटरनेट लागत नव्हतं.

"मी मेल्यावर हे उघडते का?" सिस्टरांनी विचारलं.

एक पान माझ्या फोनवर पाठवून मी ते तिथे उघडून दाखवलं. त्यांनी फोनवरून हात फिरवला. "मंग हेच."

दर रविवारी त्या चर्चमधून आल्या की आम्ही बसायचो. जुन्या पुस्तकातली नावं मी वाचायची, त्या कोणत्या वचनापाशी ते विचारणार आणि टॅबलेटवर मोठ्या, थोड्या थरथरत्या अक्षरात लिहिणार. एकेका नावाला गोष्ट होती. 'जामवंती' वाचलं तेव्हा त्या हसत सुटल्या. हिंगणघाटाहून बैठक आटोपून येताना जाम गावच्या चौकात एसटी थांबली आणि मागच्या सीटवरच्या बाईला कळा सुरू झाल्या. सिस्टरांनी कंडक्टरसकट सगळे पुरुष खाली उतरवले, चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं आणि तासाभरात गाडीत एक प्रवासी वाढला. "ड्रायवर म्हने, सिस्टर, हिचं तिकीट? म्या म्हटलं, हिले देवानं पास देल्ला."

एका रविवारी आम्ही स्तोत्रांपर्यंत आलो. माणसाला गर्भापासून ओळखणाऱ्या देवाचं स्तोत्र आहे, त्याच्या समासात माझं नाव सापडलं. गजानन, लाल. मला उगाच आनंद झाला. खाली त्याच तारखेला आणखी एक नाव होतं, निळ्या रंगात. मी थांबलो.

"वाच," सिस्टर म्हणाल्या. "थांबला काऊन?"

"इंदू," मी वाचलं. "सिस्टर, त्याच दिवशी आणखी कोणी बाळंत झालं होतं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुही बहीण," त्या म्हणाल्या. "तू आधी आला. दहा मिनिटांनी ते आली, मुठीएवढी. श्वास धरत नव्हती. म्या तोंडानं फुंकून फुंकून आनला. तीन घंटे होती."

घरात मला एवढंच माहीत होतं की माझ्यासोबत एक मेलेली मुलगी झाली होती, आणि तो विषय काढायचा नसतो. आईलाही तेवढंच माहीत होतं.

"तुही माय बेशुद्धीत होती. तुही आजी मले म्हने, वत्सलेले सांगू नका, ते झुरन, या पोराचं दूध आटन. मेलेलीच झाली म्हना. तुह्या बापानं तिले शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत ठेवलं. म्या हो म्हटलं. मंग दर सालाले वाटे, आता सांगू, आता सांगू. हिंमत नाई झाली." त्या पुढे म्हणाल्या, "नाव म्या नाई ठेवलं. कळा येत होत्या तवा वत्सलाच म्हने, पोरगी झाली तं इंदू ठेवीन."

त्या दिवशी पुढचं काही लिहिलं गेलं नाही. रात्रभर विचार करून मी सकाळी आंजीला फोन केला आणि आईला सांगितलं, सिस्टरांना तुझ्याशी बोलायचं आहे.

आई दुपारच्या बसने आली, तिला मी समोर सिस्टरांकडे घेऊन गेलो. सिस्टरांनी काही न झाकता सांगितलं. मग आईने विचारलं, "रडली का ते?"

"एकडाव."

"कोनाजवळ होती?"

"माह्याजवळ. खाली नाई ठेवली."

"मंग मले काऊन नाई देल्ली?"

"चुकलं माह्यं, वत्सला," एवढंच सिस्टर म्हणाल्या. आई उठून आत गेली. ती बॅग उचलून निघणार असं मला वाटलं. पण आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. परक्या स्वयंपाकघरात डबे शोधून तिने चहा केला, कप सिस्टरांच्या हातात दिला आणि त्यांना दिसत नाही म्हणून चहा निवेपर्यंत खालून आपला हात लावून ठेवला. "केस होते का तिले?" तिने हळूच विचारलं. संध्याकाळची शेवटची बस निघून गेली तरी दोघी बोलत होत्या.

पुढच्या रविवारी सिस्टरांनी ते नाव टॅबलेटवर लिहिलं. आई शेजारी बसून पाहत होती.

दिवाळीनंतर त्यांना एकट्याने राहणं जमेना, म्हणून पुतण्या त्यांना नागपूरला घेऊन गेला. निम्म्याहून जास्त नावं उतरली होती. जुनं पुस्तकही त्या सोबत घेऊन गेल्या. फोनवर विचारायच्या, "वत्सला कशी आहे?" आणि मी येतो येतो म्हणत राहिलो. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो ते त्यांच्या मातीलाच. थंडीचे दिवस होते. दफनानंतर पुतण्याने टॅबलेट माझ्या हातात दिला. "आत्यानं तुमच्यासाठी सांगून ठेवलं होतं. शेवटपर्यंत लिहीत होती," तो म्हणाला. जुन्या पुस्तकाबद्दल विचारलं, तर ते त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यासोबतच ठेवलं होतं.

मी आंजीला जाऊन आईजवळ बसून टॅबलेट उघडला. मी वाचून दिलेली नावं स्वच्छ होती. त्यानंतरची पानं त्यांनी एकटीने, नजर नसताना, केवळ आठवणीवर लिहिली होती. एका नावावर दुसरं नाव, त्यावर तिसरं. लाल-निळ्या रेघांचा नुसता गुंता. मी मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. एखादा काना, एखादी वेलांटी, बाकी काही लागेना. ते पुस्तक मातीत गेलं होतं आणि वाचून दाखवणारं आता कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा जायला मी इतका उशीर का केला, हे मला तेव्हा फार लागलं.

"काय लिवलं आहे?" आईने विचारलं.

"वाचता येत नाही, आई. कोणाची तरी नावं आहेत."

आईला वाचता येत नाही. पडद्यावरच्या त्या रेघांकडे ती कितीतरी वेळ बघत बसली.

"कोनत्या सालची आहेत?"

प्रत्येक गुंत्याखाली आकडे मात्र सिस्टरांनी निराळे, ठसठशीत काढले होते. मी साल सांगितलं.

"थांब," आई म्हणाली आणि भिंतीला टेकली. "तवा पोळ्याले देवकी बाळंत झाली, तिचा सुरेश. मंग पाटलाच्या वाडीतली सुशीला. तिले पोरगी झालती, काय नाव तिचं... रंजना. लिही. लिहून राह्यला ना?"

"हो," मी म्हणालो आणि पेन उचललं.