साऱ्या गिरणीचे भाऊजी

भाऊजी वासावरून सांगायचे. गिरणीतल्या जुन्या कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं की ते लगेच मीटर हातात घेत नसत. मान आत घालून, डोळे मिटून, दूध नासलं की काय हे बघणाऱ्या बाईसारखा हळूच वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हे नाई, त्याच्या बाजूचं." बाजूचं कार्ड बाहेर काढलं की त्याच्या पाठीवर करपल्याचा डाग असायचाच. मीही तोच डिप्लोमा केला होता, त्याच पॅनेलपुढे त्यांच्याइतकीच वर्षं उभा होतो, आणि माझं नाकही काही चोंदलेलं नव्हतं. पण मला त्या कपाटातून फक्त तापलेल्या धुळीचा वास यायचा.

आमची हिंगणघाटची सूतगिरणी त्या पॅनेलवर चालायची. माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी कपाट, आणि आत फळीवर पुस्तकं लावावीत तशी ओळीनं बसवलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं. एखादं कार्ड सेन्सरचं ऐकायचं, एखादं मोटारींना चालू-बंद सांगायचं. ज्या कंपनीनं ती बनवली तिनं केव्हाच बनवणं सोडलं होतं. कार्ड गेलं की दुरुस्त करा, नाहीतर कुठल्यातरी बंद कारखान्यातून शोधून आणा. सगळी यंत्रणा बदलायची असं साहेब दर दिवाळीला म्हणायचे आणि होळीपर्यंत विसरायचे. तोवर भाऊजी होतेच.

ते माझे भाऊजी झाले माझ्यामुळेच. आधी आम्ही नुसते एका खात्यातले सोबती होतो. मीच त्यांना एकदा अल्लीपूरला घरी चहाला नेलं. ताईनं चहा आणला, बाबांनी कुठले, काय, विचारलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मी गिरणीत त्यांना भाऊजी म्हणू लागलो. ते ऐकून हेल्पर म्हणू लागले, मग धागा जोडणाऱ्या बाया, मग गेटवरचा चौकीदार, आणि शेवटी खुद्द साहेब. अख्ख्या गिरणीत जे नातं माझ्या एकट्याचं होतं, ते सगळ्यांनी उचलून नेलं. माझ्या वाट्याला काय आलं, तर "भाऊजींचा साळा". नवीन माणूस आला की माझी ओळख तशीच करून देत.

त्यांच्या खिशात शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर असायचं. कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्या ते त्यानं घासायचे, फुंकर मारायचे, पुन्हा खाचेत बसवायचे. निम्मी मेलेली कार्डं एवढ्यानंच जिवंत व्हायची. त्यांचं म्हणणं एकच, आणि ते सगळ्यांना पाठ झालं होतं: "पहिले कारण पाह्यजो, मंग कार्ड लावजो." बाहेर कुठं वायर शॉर्ट असेल तर नवं कार्डही जळणार, एवढाच त्याचा अर्थ. हे कॉलेजात आम्हा दोघांनाही शिकवलं होतं. मी म्हटलं की ते पुस्तकातलं वाटायचं. भाऊजींनी म्हटलं की बायका ते घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या.

घरीही तेच. बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर वावरातल्या भाजीपाल्यात रमले, पण यंत्राचा विषय निघाला की त्यांचे डोळे चमकायचे. रविवारी भाऊजी आले की अंगणात बाज टाकली जायची. "या जवाईबापू, बसा." मग दोघांचं जे सुरू व्हायचं, त्यात मला जागा नसायची. एकदा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला. मी दिवसभर उन्हात बसून तो नीट केला. मोटार चालू झाली, वांग्यांना पाणी गेलं. बाबा म्हणाले, "बरं झालं. रविवारी जवाईबापू आले की एक डाव त्यायले दाखवून घेऊ."

भाऊजींनी पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "बाबा, नंदूनं मस्त बसवलं. मी असतो तरी हेच केलं असतं."

तेव्हा कुठे बाबांचं समाधान झालं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि ताई. भरीत केलं की तिचा पहिला डबा लहानपणापासून माझा. लग्नानंतर तो डबा भाऊजींच्या हातून गिरणीत यायचा. ते म्हणायचे, "घे, तुझ्यासाठीही दिलं तिनं." त्या 'तुझ्यासाठीही'मधला 'ही' मला घासाघासाला लागायचा.

भाऊजी चुकावेत, सगळ्यांसमोर चुकावेत, असं मला फार वाटायचं. आणि ते चुकले.

ऐन कापसाच्या हंगामात पिंजाईच्या लाइनचं एक कार्ड गेलं. त्याच दिवशी ताईला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. भाऊजींचं लक्ष घड्याळाकडं. त्यांनी कपाटातून शिल्लक असलेलं शेवटचं कार्ड काढलं, बाहेरची वायर न तपासता खाचेत सारलं आणि स्विच दाबला. चट्‌ असा आवाज झाला. या वेळी वास मलाही आला. एका व्हॉल्व्हच्या कॉइलची वायर घासून शॉर्ट झाली होती, तिनं दुसरं कार्डही खाल्लं. पिंजाई बंद म्हणजे पुढची सगळी गिरणी बंद. रोजंदारीवरच्या बाया दुपारीच डबे उचलून फाटकाबाहेर पडल्या, आणि कार्ड मिळेपर्यंत त्यांना काम नव्हतं.

साहेब आले. मी मागे उभा होतो. खरं सांगतो, मनातून मी खुशीत होतो.

"साहेब, चूक माझी आहे," भाऊजी म्हणाले. "वायर पाह्यली नाई. सरळ कार्ड लावून मोकळा झालो."

मला वाटलं, आता साहेबांचा राग फुटेल. साहेब म्हणाले, "भाऊजी, तुम्ही आधी दवाखान्यात जा. बहिणीचं पाहा." साहेबांचीही ती बहीण झाली होती! आठवडाभर गिरणीत तेच बोलणं. काय माणूस आहे, स्वतःहून चूक सांगितली, दुसरा असता तर कार्डालाच नाव ठेवलं असतं. मी चुकलो असतो तर चुकलो असतो. ते चुकले तर आणखी मोठे झाले.

ताई बरी झाली, घरी आली. आर्वीच्या रस्त्याला एक तेलाचा कारखाना बरीच वर्षं बंद पडलेला होता, तिथं आमच्यासारखंच पॅनेल असल्याचं भाऊजींनी ऐकलं होतं. साहेबांनी मालकाशी फोनवर बोलून परवानगी घेतली आणि आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर निघालो. वाटेत भाऊजी एकदाच म्हणाले, "त्या बाया घरी बसून राह्यल्या, नंदू. माझ्यापायी."

कारखान्यातल्या म्हाताऱ्या राखणदारानं कुलूप काढलं. पॅनेलच्या आत कुंभारमाश्यांनी मातीची घरं केली होती. हवं ते कार्ड होतं, पण वर्षानुवर्षं हललं नसल्यामुळे खाचेत घट्ट धरलं होतं. जोर लावला तर मोडणार आणि नाही लावला तर येणार नाही, अशी गत. भाऊजींनी हात पुढं केला, मागं घेतला.

"तू काढ. माझ्या हाताचा भरोसा नाई मले आता."

"काऊन? मोडलं तर माझ्यावर यावं म्हणून?" मी बोलून गेलो.

त्यांनी बाजूला सरकून मला जागा दिली. मग म्हणाले, "मोडलं तर आपण दोघांनीही मोडलं म्हणू. काढ."

मी काढलं. केसभर इकडं, केसभर तिकडं करत, श्वास रोखून काढलं. कार्ड सहीसलामत हातात आलं तेव्हा राखणदारानंसुद्धा "वा" केलं. गिरणीत परत आल्यावर कॉइल मी बदलली, कार्डामागचे बारके स्विच आमच्या पॅनेलसारखे मी लावले, आणि कार्ड खाचेत मीच बसवलं. पिंजाई सुरू झाली. कापूस उडायला लागला. लोक टाळ्या वाजवत भाऊजींभोवती जमले.

भाऊजींनी माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "माझं काहीच नाई यात. नंदूनं काढलं, नंदूनं लावलं."

मागून एक बाई म्हणाली, "पाहा वं, किती मोठ्या मनाचे आहेत भाऊजी!"

या माणसाशी जिंकायचं तरी कसं, मला सांगा.

भाऊजी गेले ते एका रविवारी सकाळी, बाजारात. भाजी घेता घेता छातीत कळ आली आणि पिशवी हातात असतानाच ते खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वेणा नदीच्या काठावर, सरणापाशी, गिरणीतली झाडून सगळी माणसं आली होती. बाया रडत होत्या, साहेब रडत होते, बाबांना दोघांनी धरलं होतं. ताईचा हात माझ्या हातात होता, आणि तरीही ती गर्दी बघून माझ्या मनात आलं, की माझ्या वेळी एवढी येतील का? त्या क्षणी असं मनात यायला नको होतं. पण आलं.

त्यानंतर पॅनेल माझ्याकडं आलं. भाऊजींना जाऊन वर्ष होतं न होतं तोच नवीन यंत्रणा घ्यायचं साहेबांनी खरंच मनावर घेतलं. लाइन बंद न ठेवता ती तुकड्यातुकड्यानं बदलायची होती, म्हणून जुन्या कार्डांची एकेक ओळ उतरवत गेलो. काम मनासारखं झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि ज्यांच्यासमोर मिळायला हवं होतं ते नव्हते. हेवासुद्धा जिवंत माणसाचाच करता येतो असं मला वाटायचं. तसं नव्हतं. आता कुठलीही गोष्ट चांगली झाली की लोक म्हणायचे, "भाऊजींच्या हाताखाली तयार झाला ना!"

ताई आमच्याकडं अल्लीपूरला राहायला आली होती. बाबा थकत गेले. आधी नावं विसरू लागले, मग माणसं. भाऊजी गेल्याचंही विसरले. ताई आत जाऊन डोळे पुसायची आणि म्हणायची, "विसरले ते बरंच झालं त्यायचं."

परवा सुटीच्या दिवशी दुपारी मी वावरातून आलो. बाबा अंगणात बाजेवर पडले होते. माझी चाहूल लागली तसे कोपरावर उठू लागले.

"या जवाईबापू, बसा."

मी ताईकडं पाहिलं. ती दारात उभी होती. तिनं मान हलवून खूण केली, बस. मी पायथ्याशी बसलो. बाबांनी माझा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला.

"आमच्या नंद्याले पुढं करत जा जरा," ते हळूच म्हणाले, जसं काही मी घरात कुठं ऐकत असेन. "तुम्ही असले की तो मांगंच राह्यते. हात लय चांगला आहे पोराचा. त्या स्टार्टरले पाह्यलं मी. पण त्याच्यासमोर बोलता येत नाई मले."

"काऊन, बाबा?"

"बाप आहे ना मी." ते हसले. "तुम्हाले सांगता येते."

वावराकडून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "जेवून जाता ना?"

मी त्याच घरचा. मला तसं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"जेवूनच जातो, बाबा," मी म्हणालो. ताई आत ताट वाढायला गेली.