चावलेलं बिस्किट

समजा, तुम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे आहात. समोरून रुंद पट्टा सरकतोय आणि त्यावरून मारी बिस्किटं येताहेत. रांगेमागून रांग, गरम, गोल, सगळी एकसारखी. जळकं, फुटकं, फिकं किंवा शेजाऱ्याला चिकटलेलं दिसलं की उचलायचं आणि बाजूच्या घसरगुंडीत टाकायचं. एवढंच काम. फक्त एका बिस्किटाकडे टक लावून पाहायचं नाही. पाहिलंत, तर पट्टा थांबल्यासारखा वाटतो आणि तुम्ही स्वतःच मागे मागे सरकायला लागता, भट्टीच्या दिशेने.

"नजर सैल सोड," हे काम करणाऱ्या बाईने मला पहिल्या दिवशी सांगितलं. "गर्दीत ओळखीचं तोंड शोधतोस ना, तशी."

कारखान्यात तिला सगळे सासूबाई म्हणतात. तिने लग्न केलेलं नाही, त्यामुळे सुनेचा प्रश्नच येत नाही. पण दिवसभर खोट काढत उभ्या राहणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? तिलाही ते आवडतं. "इतक्या सुना आल्या," ती म्हणते, "पण एक धड असेल तर शपथ."

मी तिथे कॅमेरा बसवायला गेलो होतो. तिचं काम कॅमेरा करणार आणि ती पॅकिंगला जाणार, हे तिला माहीत होतं. तरी ती माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायची आणि कॅमेऱ्याला खोट शिकवायची. कड जराशी काळी म्हणजे जळकं नव्हे, तो नुसता रंग. पोटाला काळं लागलं की जळकं. सगळे प्रकार संपल्यावर ती म्हणाली, "अजून एक घाल. चावलेलं."

मी हसलो. "कोण चावणार, सासूबाई? उंदीर?"

"उंदराचं तोंड एवढं मोठं असतं, तर त्यालाच सुपरवायझर केला असता."

पण ती हसत नव्हती.

तिच्याआधी या जागेवर तिची थोरली बहीण होती. एका दुपारी ताईने ओरडून पट्टा थांबवायला लावला. भट्टीतून चावलेलं बिस्किट आलं म्हणाली. दातांच्या खुणा स्पष्ट, आणि चावलेली कडही बाकीच्या कडेसारखीच खरपूस भाजलेली. म्हणजे कच्चं असतानाच कुणीतरी चावलेलं. पण साच्यातून सुटलेलं बिस्किट सरळ भट्टीत शिरतं. वर पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली माणसाचं डोकं जाणं शक्य नाही.

सगळे म्हणाले, दाखव बघू. ताईकडे दाखवायला काहीच नव्हतं. सवयीच्या हाताने ते केव्हाच घसरगुंडीत टाकलं होतं, आणि घसरगुंडीखाली चक्की. खोट निघालेली बिस्किटं तिथे दळली जातात आणि तो चुरा पुढच्या पिठात मिसळतात. आजच्या पिठात कालचं थोडं असतं, कालच्यात परवाचं.

पुन्हा तसंच झालं. पुन्हा हात आधी, डोकं नंतर. आणखी एकदा ओरडली, तेव्हा तिला घरी बसवलं.

"मीही म्हणाले, ताई, तुला भास झाला," सासूबाई म्हणाली. "तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. बिस्किट दाताने तोडत नाही. चहात बुडवून, अगदी गळायला आलं की जिभेने खाते."

"आणि तुम्हाला दिसलं कधी?"

"दिसलं. आणि माझ्याही हाताने टाकून दिलं. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, यांच्या घरातच वेड आहे. तुझा कॅमेरा बिस्किट टाकायच्या आधी त्याचा फोटो काढतो ना?"

काढतो. खोट असलेलं बिस्किट दिसलं की फोटो घेऊन ठेवतो, मग हवेच्या फटक्याने ते घसरगुंडीत उडवतो. तिचं मन राखायला मी तो प्रकार घातला. शिकवायला नमुने हवेत म्हणून स्वतःच बसून बिस्किटं चावली.

"नीट चाव की," ती म्हणाली. "सासरवाडीला आल्यासारखा काय लाजतोस!"

बरेच दिवस काही आलं नाही. मग एका सकाळी पडद्यावर फोटो दिसला. मी चावलेल्या नमुन्यांची कड आतून पांढरी, भुरभुरीत होती. याची तपकिरी होती, भाजलेली. चावा कडेची नक्षी ओलांडून आत आला होता. मी साचा उघडला. खोट साच्यात असती तर रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला तसंच बिस्किट निघालं असतं. साचा धड होता. झाकणावरची पिठाची धूळ जशीच्या तशी होती. बिस्किट अर्थातच चक्कीत गेलं होतं.

सासूबाईने फोटो पाहिला आणि हातमोजे काढले. "याची प्रत काढून दे. आणि सुटल्यावर माझ्याबरोबर घरी चल."

चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. ताई खिडकीशी मटार सोलत बसली होती. सासूबाईने फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि शिक्षा झालेल्या मुलीसारखी समोर उभी राहिली.

"ताई, चुकलं माझं. तू खरं सांगत होतीस."

"ते मला माहीतच होतं गं." ताईने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. मला वाटलं, झालं, संपलं. मग ताईने चष्मा लावला, फोटो उजेडात धरला आणि चाव्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पण माझ्या वेळी एवढा नव्हता," ती म्हणाली. "अगदी कडेला होता. नक्षीपर्यंतही आला नव्हता."

फोटो दाखवून मी साहेबांना म्हटलं, चुरा पिठात घालणं बंद करा. ते म्हणाले, कारण लिहून दे. काय लिहू?

सासूबाई आता पॅकिंगला आहे. सुट्टीत चहाचा कप घेऊन माझ्या पडद्याशी येते. ताई हल्ली भरभरून बोलते, म्हणाली; रोज विचारते, आज आलं का? परवा आलं. बिस्किटावर मधोमध छापलेलं नावही अर्धं गेलं होतं.

"चावा वाढतोय," मी म्हणालो.

"वाढत नाहीये. कुणीतरी सावकाश खातंय." तिने कप खाली ठेवला. "तू शिकलेला आहेस, मला एवढंच सांग. बिस्किट संपल्यावर ते काय खाणार?"