‘आईने चहा टाकला’

आज जे झालं ते लिहितोय.

आई नाहूरला एकटी राहते, मी बोरिवलीला. तिच्या किचनमध्ये मी सेन्सर बसवलाय; तिथला दिवा लागला की माझ्या घरच्या सर्व्हरवरून मला मेसेज येतो. सकाळी ‘आईने चहा टाकला’, संध्याकाळी ‘आईने दिवा लावला’.

आज सकाळीही आला. मागोमाग शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, दूध बाहेरच आहे. आई दार उघडत नाहीये."

मी म्हटलं, "उठलीय ती काकू, मेसेज आलाय ना."

काकूंनी ऐकलं नाही. त्यांच्याकडच्या चावीने दार उघडलं. आई बाथरूममध्ये पडली होती.

सेन्सर बंद पडला तर त्या वेळचा कालचाच मेसेज पाठव, असं प्रोग्राममध्ये मीच लिहिलं होतं. उगाच घाबरायला नको म्हणून.

आता हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलोय. ती शुद्धीवर आहे. पण काकूंनी माझं ऐकलं असतं तर, यार?

आत्ताच मोबाईल वाजला. ‘आईने दिवा लावला.’