मूठभर तांदळाची लेक

आमच्या समोरच्या दारातल्या जयंतीने पोटची लेक मूठभर तांदळाला विकली. खोटं नाही सांगत, बोरिवलीच्या आमच्या चाळीत कोणालाही विचारा.

तिची आधीची दोन बाळं गेली होती. पहिलं दिवस भरायच्या आधीच आलं, दुसरं पाचवी पुजायच्या आत गेलं. डॉक्टरांनी कारणं सांगितली, पण रिकाम्या हातांनी घरी येणाऱ्या बाईने ती कारणं काय चाटायचीत? तिची मालवणची आत्या फोनवर म्हणाली, "तिसरा झाला की इकून टाक गो. सटवायेक कळाक नको, ता तुझा म्हणान."

बाळं नेणाऱ्या सटवाईला चकवायचं, म्हणून गिऱ्हाईकही ठरलं. दारावर मासळी घेऊन येणारी गोराईची अंजनाबाई. तिची चार धडधाकट पोरं.

बाळंतपणाला सोबत एक बाई चालते, म्हणून मी आत होते. मुलगी झाली. नर्सने तिला तशीच उचलून जयंतीच्या उघड्या छातीवर ठेवली. "धरा ना ताई, ऊब लागते तिला आईची." जयंतीने गादीची कड घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे केलं. "माझी नाही ती. बाहेर कोळीण उभी आहे, तिला द्या." ते एवढंसं पोर तोंड उघडं टाकून वर सरकत होतं, आईला हुडकत होतं. माझं काळीज तुटलं. संतापही आला, इतका की कानाखाली वाजवावीशी वाटली.

अंजनाबाईने जयंतीच्या ओटीत तांदूळ घातले, पोरीचे पटापट मुके घेतले आणि म्हणाली, "माझी हाय हो, तुझ्याकडं नुसती सांभाळायला."

आणि जयंतीने सांभाळलीच! अंगावर पाजली, पण मान फिरवून. न्हाऊमाखू घातलं, पण 'माझं सोनं' म्हणून कधी जवळ ओढलं नाही. पोरगी, भाविका, बोलायला लागली तशी तिला आपल्याला 'काकू' म्हणायला शिकवलं. मी एकदा तोंड सोडलंच. "अगं, देवीला तांदळाने गंडवतेस?" तर म्हणते, "तुझी तिन्ही जिवंत आहेत ना? मग तू गप बस."

 

पोरगी शाळेत जायच्या वयाची झाली आणि आत्या म्हणाली, धोका टळला. अंजनाबाईने तांदूळ परत घेतले, भाविकाचा हात जयंतीच्या हातात दिला. "ही तुझी आई हाय गं." जयंतीने तिला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. एवढ्या वर्षांचं सगळं. पोरगी हात खाली सोडून उभी. सांगितलं तसं शहाण्यासारखं "आई" म्हणाली, आणि विचारलं, "आता जाऊ खेळायला?"

जाता जाता दार आपटलं आणि तिचं बोट फटीत सापडलं. नख काळंनिळं झालं. चाळीतलं कुठलंही पोर 'आई गं' म्हणून टाहो फोडतं, आजोबा झालेले म्हातारेसुद्धा फोडतात. भाविकाने ओठ दाबले, बोट फ्रॉकमध्ये गुंडाळलं आणि एकटीच पायरीवर जाऊन बसली.

'आई गं' म्हणून किंचाळली ती जयंती.