आधी मला फोन करा

सलीमभाई गेल्याचं मला त्यांच्याच नंबरावरून कळलं. स्क्रीनवर नाव दिसलं आणि मी सवयीने म्हणाले, "बोला, आज काय काढलंत?" पलीकडे त्यांच्या पत्नी होत्या, आमच्या भाभी... त्याला आता सात आठवडे झाले, तरी ते वाक्य मला अजून टोचतं.

बुधवार पेठेत एका जिन्याखाली सलीमभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर कोथरूडमध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी बोलक्या पुस्तकांची लायब्ररी काढली. यंत्रांचं ज्ञान शून्य आणि सांगितलेलं न ऐकण्याचा स्वभाव, एवढंच माझं भांडवल. पुस्तकं ज्यात साठवली आहेत ते मुख्य मशीन सलीमभाईंनी जुने सुटे भाग जोडून उभं केलं, त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं. हे चालेल ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चालेल की. तुम्ही हात लावला नाहीत तर."

मी हात लावला. एका अपडेटमध्ये नवा कर्नल बसवला आणि जागा कमी पडतेय अशी सूचना आली म्हणून जुना काढून टाकला. कर्नल म्हणजे मशीन सुरू करताना आधी उठतो तो त्याचा गाभा. नवा बसवला की पुढच्या वेळी आपणच पहिले उठू, अशी सोय तो स्वतःच करून ठेवतो. हा नवा काही उठला नाही, आणि परत जायला जुना मी शिल्लकच ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा. डोळसाला निदान पडद्यावर चूक वाचता येते, आमची मुलं नुसती कान देऊन बसून राहिली. सलीमभाई दुकान बंद करून स्कूटरवर आले आणि संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत केलं. जाताना एवढंच म्हणाले, "नवी चप्पल चावते का ते कळेपर्यंत जुनी टाकू नये, बाई." ते रागावले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मग त्यांनी कर्नल बसवण्याच्या कामातच स्वतः लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, घुसवली. नवा कर्नल आला की ती मध्येच थांबते आणि चक्क मराठीत विचारते, 'आधी मला फोन करा. केला का?' उत्तरात 'हो' लिहिलं तरच नव्याला पहिला नंबर. मी फोन लावायची. ते चार प्रश्न विचारून "लिहा हो" म्हणायचे आणि मशीन पुन्हा सुरू होऊन बोलायला लागेपर्यंत लाइनवर थांबायचे. त्या दोन मिनिटांत भाभींचे गुडघे, पेठेतलं पार्किंग, माझा हट्टीपणा, सगळं येऊन जायचं. अशी अकरा वर्षं गेली. खरं सांगते, त्या दोन मिनिटांसाठी मी अपडेटची वाट पाहायची.

मागच्या सोमवारी नवा कर्नल आला. मुलांची परीक्षा पुन्हा तोंडावर. हिंजवडीत नोकरी करणारी माझी भाची मधुरा मदतीला शेजारी बसली होती. पडद्यावर तो प्रश्न उमटला.

"मावशी, ती लाइन मी काढून टाकते," ती हळूच म्हणाली.

मी नको म्हणाले. मग नुसतं 'हो' लिही, कोणाला कळणार आहे, असं तिचं म्हणणं. सलीमभाईंशी मी भांडले पुष्कळ, खोटं मात्र एकदाही बोलले नव्हते. आणि नव्याने दगा दिला तर स्कूटर काढून येणार कोण होतं? शेवटी अकरा वर्षांत जे कधीच लिहिलं नव्हतं, ते लिहिलं. 'नाही.'

पडद्यावर एक ओळ आली. माझ्यासाठी ती इतकी वर्षं तिथे होती, आणि मला पत्ता नव्हता.

'फोन लागला नाही वाटतं. असू दे, जुन्यावरच चालू ठेवलंय. मुलांचं अडणार नाही.'

मधुराने मशीन पुन्हा सुरू केलं. ते बोलायला लागेपर्यंतची दोन मिनिटं मी फोन कानाला लावून बसले होते.